मोजणीची विद्या आणि एका रात्रीचा मोह

कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांची वाट डिचोली तालुक्यातून गेली, म्हणजे मयेचे तळे पाहिल्यावाचून सहसा कोणी पुढे जात नाही. डोंगरांच्या कुशीतले ते शांत पाणी पाहून वडील मंडळी विसावतात. तरुण मंडळींचे चित्त मात्र पणजीकडे लागलेले असते. तेथे मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणाऱ्या कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांस तेथे जुगार खेळण्यास मनाई आहे; बाहेरच्या प्रवाशांस नाही. म्हणजे मयेच्या तरुणास जे दार बंद, ते आपल्या भाच्यापुतण्यांस सताड उघडे आहे. आणि हे भाचेपुतणे हल्ली सांगतात, 'आम्ही नशिबावर नाही खेळत, पत्ते मोजतो!' तेव्हा ही मोजणी आहे तरी काय, हे वडीलधाऱ्यांनी समजून घेतलेले बरे.

खेळाचे नाव ब्लॅकजॅक. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ न्याल तितके बरे, पण एकवीस ओलांडले की डाव गेला. चित्रांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. गोव्यातील जत्रांतून चालणाऱ्या गडगड्याचे फासे मागचे काही स्मरत नाहीत. प्रत्येक फेक नवी. पत्त्यांचे तसे नाही. बाहेर पडलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. लहान पत्ते संपून दश्श्या, चित्रे आणि एक्के उरले, तर पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. एक्का आणि दहाचा पत्ता असे दोनच पत्त्यांत एकवीस झाले तर पूर्वापार दीडपट मिळते; शिवाय वाटणाऱ्यास सतरा होईपर्यंत पत्ता घ्यावाच लागत असल्याने तो अधिक वेळा बुडतो. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने यंत्राच्या साहाय्याने हे हिशेब मांडले आणि १९६२ साली पुस्तकच प्रसिद्ध केले.

त्यानंतर मोजणीच्या अनेक पद्धती निघाल्या. सर्वांत रूढ ती 'हाय-लो'. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की एक मिळवायचा, दहाच्या किमतीचा पत्ता किंवा एक्का पडला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायच्या. आलेल्या आकड्यास उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे. बेरीज सहा आणि उरलेले कॅट तीन, तर खरा आकडा दोन. १९९८ च्या एका पुस्तकाने लोकप्रिय केलेल्या 'नॉक-आउट' पद्धतीत सत्तीचाही एक मिळवतात, म्हणून भागाकाराची कटकट राहत नाही. 'ओमेगा दोन' मध्ये काही पत्त्यांचे दोन, काहींचा एक आणि एक्क्यांचा हिशेब निराळा. कागदावर ती अधिक बारकाईची. पण सहा-आठ कॅटांच्या खेळात मुख्य प्रश्न पैसे केव्हा वाढवावेत एवढाच असतो, आणि तेथे साधी पद्धतही जवळजवळ तितकेच काम देते. म्हणून जाणते सांगतात, की गोंगाटात, गप्पांत आणि घाईत जी चुकत नाही, तीच आपली पद्धत. गहन पद्धतीतील एक चूक तिचा सारा फायदा खाऊन टाकते.

येथवर भाच्याचे म्हणणे खरे. पुढचे तो सांगत नाही. बिनचूक खेळणाऱ्यावरही घराची सरशी साधारण अर्ध्या टक्क्याची असते. उत्तम मोजणाऱ्याने ती उलटवली तरी हाती एखादा टक्का येतो. आता हिशेब करा. डावाला शंभर रुपये लावून एक टक्क्याच्या सरशीने शंभर डाव खेळले, तर अपेक्षित नफा शंभर रुपयांचा. पण नशिबाचा चढउतार सहज हजार-अकराशेंचा. मोजणीचे फळ दिसायला हजारो डाव लागतात. सहलीच्या एका रात्रीत मोजणारा आणि न मोजणारा यांत फरक ओळखू येत नाही. त्यातून घराने दीडपटीऐवजी सव्वापटीहून कमी दिले, अथवा सतत पत्ते पिसणारे यंत्र ठेवले, की कोणतीच पद्धत तारत नाही.

महाभारतात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे पाहताक्षणी मोजून दाखवतो आणि नळास अक्षविद्या देतो. त्या बळावर नळाने पुष्करापासून राज्य परत जिंकले खरे. पण एकाच पैजेत, आणि मग तो थांबला. ही विद्या मिळण्याआधी दमयंतीने काय सोसले, हेही ती कथा लपवीत नाही.

मोजणीचा निर्मळ आनंद हवा असेल, तर तो मयेपासून दूर नाही. डिचोलीचा हा मुलूख अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचा होता, आणि सावंतवाडी म्हणजे गंजिफांचे गाव. लाखेच्या रंगांतील गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, एकूण एकशेवीस. रंगातला राजा गेला की प्रधान 'हुकूम' होतो, प्रधान गेला की त्याखालचा. कोणता पत्ता गेला हे ज्यास आठवते तोच जिंकतो. म्हणजे येथे मोजणी हाच खेळ. १९७० नंतर शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच ही मावळती कला पुन्हा उभी केली. दहा रंगांचा हिशेब डोक्यात ठेवणे 'ओमेगा दोन'हून सोपे नाही, आणि तिथे गहाण पडते ते फक्त दुपारचे दोन तास.

जाता जाता मयेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. या गावची बरीचशी जमीन एका पोर्तुगीज सरदार घराण्याची. गोवा मुक्त झाल्यावर, १९६४ च्या कायद्याने ती निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारी देखरेखीखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्या घराचा कागद लोकांच्या हाती नव्हता. २०१४ साली खास कायदा झाला, आणि त्यानंतर कुठे सनदा मिळू लागल्या. घर आपले म्हणायला ज्या गावाला अर्धशतक वाट पाहावी लागली, त्या गावाच्या तळ्याकाठी क्षणभर बसून भाच्याला एवढेच विचारावे : मोजणी तुला येते, उत्तम, पण जे लावायला निघालास ते मिळवायला घरच्यांना किती वर्षे लागली, ती मोजलीस का?