पिवळ्या रेषेचा पत्ता

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना हमखास सांगितले जाते, की १८६८ साली नॉर्मन लॉकियरने येथूनच सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला. कथा ऐकायला गोड आहे. पण तिच्यात दोन वेगळी ग्रहणे एकमेकांत मिसळली आहेत.

आधी ज्योतीकडे पाहू. चुलीच्या जाळात मिठाचा खडा पडला की जाळ पिवळाधमक होतो, तो सोडियममुळे. स्ट्रॉन्शियम किरमिजी रंग देते, पोटॅशियम फिकट जांभळा. फटाक्यांतला हिरवा रंग बहुधा बेरियमचा. पण सोडियम मोठा आगाऊ! लेशमात्र असला तरी बाकीच्यांना झाकून टाकतो, म्हणून पोटॅशियम ओळखताना डोळ्यांपुढे निळी कोबाल्ट काच धरावी लागते. शिवाय लिथियमही लाल आणि स्ट्रॉन्शियमही लाल. नुसत्या डोळ्यांनी निवाडा कसा करणार? हायडलबर्गच्या बुन्सेन आणि किर्खोफ यांनी हाच प्रकाश लोलकातून पाहिला आणि रंगाच्या जागी रेषा मिळाल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या. १८६० मध्ये दोन अनोळखी निळ्या रेषांवरून त्यांना सीझियम सापडले.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला जान्सेन होता, पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट हर्शेल. सूर्यज्वालांच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली, आणि पिवळी म्हणजे सोडियम हा समज साहजिक होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. २० ऑक्टोबरला त्याने ग्रहणाविनाच त्या ज्वालांचा वर्णपट मिळवला. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही ५८७.६ वर होती. एवढ्याशा फरकावर नव्या मूलद्रव्याची कल्पना उभी राहिली. ज्योतीत पडताळा घेण्याची सोयच नव्हती, कारण हेलियम ज्योतीला रंग देत नाही. त्याला चमकवायला नळीत विजेचा प्रवाह लागतो. रॅम्झेने १८९५ मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत ती रेषा पाहिली, तेव्हा कुठे शंका फिटली.

लॉकियर विजयदुर्गावर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. हेलियम नळीत बंद होऊन तेव्हा तीन वर्षे होत आली होती. किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, त्याला माझी हरकत नाही. पण ओट्यांजवळच्या माहितीत २२ जानेवारीही लिहावी.