सही बहिणीची, सातबारा भावाचा

वडिलांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणीला निरोप येतो : कचेरीत येऊन सही करून जा. साडीचोळी स्वीकारून ती हक्कसोडपत्रावर सही करते आणि माहेरच्या जमिनीतील तिचा हिस्सा संपतो.

अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली. २००५ मध्ये केंद्राने सर्वच हिंदू मुलींना जन्मतः मुलाइतका हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील संदिग्धता दूर केली. कायद्याने दिलेले हे दान एका सहीने परत जाते.

हक्कसोडपत्र मुळात वाईट नव्हे. सहहिस्सेदारांतील गुंता त्याने सुटतो. मात्र एकदा नोंदलेला दस्त केवळ पश्चात्ताप झाला म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक वा बळजबरी न्यायालयात सिद्ध करावी लागते. म्हणूनच सहीपूर्वी तो बहिणीला वाचून दाखवला जावा, हिश्श्याचे मोल तिला कळावे. त्यानंतर तिने स्वखुशीने हक्क सोडला, तर ते औदार्य. परंतु माहेरचे दार उघडे राहावे म्हणून सही करावी लागत असेल, तर त्याला माया कसे म्हणावे?