विश्लेषण : विज्ञान प्रकल्पासाठी घरी रसायने हाताळताना धोका नेमका कुठे?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात. प्रकल्पाची तयारी बहुतेकदा घरीच, ओट्यावर किंवा गॅलरीत होते. प्रयोगशाळेतले शिक्षक, मोकळी हवा आणि आग विझवण्याची वाळूची बादली तिथे नसते.

सर्वात ‘साधा’ प्रयोग कितपत सुरक्षित?

९ व्होल्टची बॅटरी, दोन पेन्सिली आणि पाणी. पाण्याचे विद्युत अपघटन हा प्रदर्शनातला हमखास प्रयोग. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून मुले त्यात चमचाभर मीठ टाकतात. चूक इथेच होते. मिठाच्या पाण्यात ऋणाग्राशी हायड्रोजन मिळतो, पण धनाग्राशी ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. भांड्यात कॉस्टिक सोडाही साठत जातो. स्विमिंग पूलसारखा वास आला, तर तो क्लोरीनचाच. शिवाय क्लोरीन पाण्यात विरघळतो. त्यामुळे तक्त्यावर लिहिलेले ‘दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन’ हे प्रमाण दिसतच नाही. म्हणजे प्रयोगही फसतो.

मिठाऐवजी थोडा धुण्याचा सोडा घातला की क्लोरीनचा प्रश्न मिटतो. धनाग्र म्हणून स्टीलचा चमचा वापरू नये, कारण त्यातले क्रोमियम पाण्यात उतरू शकते. जमलेल्या हायड्रोजनजवळ काडी ओढू नये आणि भिंतीवरच्या प्लगमधून थेट वीज तर कधीच घेऊ नये.

घरातल्याच वस्तू धोकादायक कशा?

टॉयलेट क्लीनरमध्ये साधारणपणे हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे अस्त्र म्हणून सोडला गेला तो हाच वायू. बंद बाथरूममध्ये ‘बघू काय होते’ म्हणून दोन बाटल्या एकत्र ओतणे म्हणूनच गमतीचे नाही.

पानाच्या चुन्याकडे तर कोणी रसायन म्हणून पाहतच नाही. पण चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना फुटून डोळ्यांत चुना उडाल्याचे प्रकार नेत्रतज्ज्ञांना परिचित आहेत. आम्लारी पदार्थ डोळ्यात आम्लापेक्षाही खोलवर शिरतात. कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यास मिश्रण उकळू लागते, ते वेगळेच.

ज्वालामुखीचे काय?

अमोनियम डायक्रोमेटचा नारिंगी ज्वालामुखी दिसायला देखणा असतो. मात्र त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस त्यापुढे फिका वाटतो खरा. पण नववीच्या मुलाने घरी करायचा तो हाच.

ॲसिड आणायचेच असेल तर?

मुलाला दुकानात पाठवून चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या आदेशानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला ॲसिड विकता येत नाही. प्रौढ ग्राहकालाही छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते आणि खरेदीचे कारण सांगावे लागते. विक्रेत्याने त्याची नोंद ठेवायची असते. ही बंधने ॲसिड हल्ले रोखण्यासाठी असली, तरी पालकांना त्यातून विचाराला थोडी सवड मिळते. ॲसिड लागणारा प्रयोग शाळेतच, शिक्षकांसमोर व्हावा. ते पातळ करताना ॲसिड हळूहळू पाण्यात घालतात. उलट केल्यास उष्णतेने ते उसळून अंगावर येते.

उरलेले रसायन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवणे सर्वात वाईट. रात्री तहान लागलेला माणूस लेबल वाचत नाही.

अंगावर उडाले तर पहिली दहा मिनिटे काय करावे?

त्या भागावरचे कपडे काढून वाहत्या नळाखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे. डोळा असेल तर पापण्या उघड्या धरून धुवावा. ‘उतारा’ म्हणून लिंबू किंवा सोडा लावू नये, हळद-टूथपेस्टही नको. पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. वायू हुंगला गेला असेल तर आधी मोकळ्या हवेत यावे. १०८ वर फोन करावा आणि रसायनाची बाटली लेबलसह दवाखान्यात न्यावी. नेमके काय उडाले हे कळले, की डॉक्टरांचा वेळ वाचतो.