बर्फ की पाऊस? दोन वादळांची शर्यत

'उद्या बर्फ पडण्याची शक्यता ६० टक्के' असे हवामानखात्याने सांगितले आणि बर्फ पडलेच नाही, तर अंदाज चुकला असे म्हणायचे का? उत्तराची घाई करू नका. आधी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात मार्च महिन्यात काय घडते ते पाहू.

मार्च म्हणजे तेथे सरता हिवाळा. कॅनडावर अजून कडाक्याची थंडी असते. शेजारच्या अटलांटिक महासागराचे पाणी मात्र गोठणबिंदूच्या बरेच वर असते. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या दोन शाखांबरोबर दोन वादळे येतात. उत्तरेचे वादळ थंड हवा आणते, पण त्याच्याजवळ बाष्प थोडे. दक्षिणेचे मेक्सिकोच्या आखातावरून भरपूर बाष्प आणते, पण ते उबदार. भरघोस हिमवर्षावाला थंडी आणि बाष्प दोन्ही हवीत. म्हणून दोघांची गाठ योग्य जागी आणि योग्य वेळी पडावी लागते.

उत्तरेचे वादळ मागे राहिले, तर दक्षिणेचे समुद्रावर निघून जाते आणि शहर कोरडे राहते. दोघे लवकर एकत्र आले, तर जोडवादळ किनाऱ्याला बिलगून जाते. उत्तर गोलार्धात अशा वादळाभोवतीचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे समुद्रावरची उबदार हवा शहरावर येते.

१४ मार्च २०१७ रोजी असेच घडले. न्यूयॉर्क शहरात फूटभराहून अधिक बर्फ पडेल असा अंदाज होता. पण वादळ किनाऱ्याच्या जवळून गेले. हवेच्या मधल्या थरात तापमान शून्याच्या वर चढले. तेथे हिमकण वितळले आणि खालच्या थंड थरात पुन्हा गोठून बर्फाचे बारीक खडे होऊन पडले. शहरातील सेंट्रल पार्कमध्ये नोंद झाली ती सुमारे १९ सेंटिमीटरची. त्याच राज्यातील, पण समुद्रापासून दूर असलेल्या बिंगहॅमटन भागात मात्र अडीच फुटांहून अधिक बर्फ साचले!

आकडा घटण्याची चिन्हे आदल्या दिवशीच दिसू लागली होती. पण ऐनवेळी अंदाज बदलला तर लोक बेफिकीर होतील, या भीतीने तो तसाच ठेवला गेला. शाळा बंद ठेवायच्या की नाही, रस्त्यांवर मीठ किती टाकायचे, हे सारे त्या एका आकड्यावर ठरते. तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केले असते?

अंदाज साधतात, हेही खरे. मार्च १९९३ चे प्रचंड वादळ सुमारे पाच दिवस आधी ओळखता आले होते. पण दोन वादळांच्या शर्यतीत काही तासांचा फरक निकाल बदलतो. म्हणून १९९२ पासून मोठ्या केंद्रांत संगणकाकडून एकच गणित न करविता, सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून अनेकदा करवितात. पन्नास उत्तरांपैकी तिसांत बर्फ आले, तर शक्यता ढोबळमानाने ६० टक्के.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. एका दिवसावरून असा अंदाज पारखता येत नाही. '६० टक्के' सांगितलेले शंभर दिवस निवडा. त्यांपैकी साधारण साठ दिवशी बर्फ पडले असेल, तर अंदाज उत्तम! पुढच्या पावसाळ्यात आपल्या गावच्या अंदाजांची अशी वही ठेवून पाहा बरे.