शेजार व सहवास

गेल्या उन्हाळ्यांत मी रत्नागिरीहून मुंबईस मुलाकडे महिनाभर राहावयास गेलों होतों. परळ भागांत जेथें पूर्वीं चाळी होत्या, तेथें आतां चाळीस मजल्यांचा मनोरा उभा आहे व त्याच्या अठराव्या मजल्यावर मुलाचें बिऱ्हाड आहे. त्याच आवारांत, पाठीमागच्या अंगास, दुसरी एक इमारत आहे. तिच्यांत चाळींतील मूळचे भाडेकरू राहतात. दोहोंच्या मध्यें भिंत आहे. फाटकें दोन, बागाही दोन. एके सायंकाळीं माझी पांच वर्षांची नात झोपाळ्यावर बसली असतां भिंतीपलीकडून मुलांचा गलका ऐकूं आला. तिनें विचारलें, "आजोबा, तीं मुलें आपल्या बागेंत कां येत नाहींत?" मीं म्हटलें, "त्यांची बाग निराळी आहे." "पण कां?" ह्या दुसऱ्या प्रश्नास मला उत्तर देतां आलें नाहीं. छत्तीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत ज्यानें घालविलीं, त्यास ही नामुष्कीच होय. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा शोध आहे.

अशा वेळीं आपणांस प्रथम आठवते ती जुनी चाळ. "पूर्वीं असें नव्हतें हो! सारी चाळ एका कुटुंबासारखी नांदत असे," हें वाक्य आपण इतक्यांदा ऐकलें व उच्चारलें आहे कीं, तें कधीं पारखून पाहावें असें कोणास वाटत नाहीं. माझ्यापुरतें मीं तें पारखून पाहिलें. १९७० च्या सुमारास मे महिन्याच्या सुटींत मी गिरगांवांत काकांकडे जात असें. दोन खोल्यांत नऊ माणसें. पुढें सामायिक गॅलरी व तिच्या टोकास नळ. शेजारच्या घरीं पाहुणा आला तर आमची आमटी तिकडे जाई आणि त्यांची चटणी इकडे येई. हें सर्व खरें. परंतु त्या गॅलरींतील आडनांवें आज आठवून पाहतों, तेव्हां तीं दोन-तीन जातींपलीकडे जात नाहींत. खोली रिकामी होणार असें कळलें कीं मालकाच्या मेहत्याकडे शब्द टाकला जाई, तो आपल्यांतल्याच एखाद्या गरजू माणसासाठीं. त्या चाळीच्या मागल्या बाजूस एक लोखंडी गोल जिना होता. सफाई करणारा माणूस भल्या पहांटे त्या जिन्यानें वर येई आणि त्याच जिन्यानें खालीं जाई. चार उन्हाळे मीं तेथें काढले. त्याचें नांव मला ठाऊक नव्हतें, आणि तें काकूंना विचारावें असें मला कधीं सुचलेंही नाहीं. मुलाच्या मनोऱ्यांत घरकामास येणाऱ्या बायकांकरितां निराळी लिफ्ट आहे. ती पाहतांच मला तो गोल जिना आठवला.

आम्हां कोंकणांतल्या लोकांस ह्यांत नवल वाटावयास नको. आमचीं गांवेंच वाड्यांनीं बनलेलीं: बामणवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी आणि अगदीं कडेस महारवाडी. वस्त्यांचीं हीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें घेतला, तो डिसेंबर २०२० मध्यें. रत्नागिरी जिल्ह्यांतून जो माणूस गिरणीसाठीं किंवा कचेरीसाठीं बोटीनें मुंबईस गेला, त्यानें वळकटीबरोबर आपली वाडीही नेली. लालबाग-परळास गांवोगांवच्या मंडळांनीं खोल्या घेतल्या व एका गांवचीं माणसें एका खोलींत पाळीपाळीनें निजूं लागलीं. पांढरपेशांनीं गिरगांव धरलें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्यानें दादर-माटुंग्याकडील मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते आंखून घरांसाठीं जागा पाडल्या. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी ह्या त्यांतूनच उभ्या राहिल्या. आंत कोणी यावयाचें, तें नांवांतच सांगितलेलें! ह्याच ट्रस्टनें परळास कामकऱ्यांसाठीं चाळीही बांधल्या. त्यांपैकीं पोयबावडीच्या चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं सुमारें बावीस वर्षें काढलीं. त्यांच्या घराण्याचें गांव आंबडवे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतलें. पुढें १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत त्यांनीं हिंदु कॉलनींत 'राजगृह' बांधलें, तें विशेषेंकरून आपल्या ग्रंथसंग्रहासाठीं. परळ ते दादर हें अंतर पायीं जाण्याजोगें आहे; पण तें तोडण्यास कोलंबिया व लंडन येथील विद्या गांठीं असलेला माणूस लागला! असामान्य पुरुष भिंत ओलांडून जातो, त्यावरून वस्तीची परीक्षा होत नाहीं. ती परीक्षा सामान्य माणसाच्या मुलावर होते.

आपल्या शास्त्रकारांनीं मुक्तीचे चार प्रकार सांगितले आहेत: सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. शेवटच्या दोन आपल्या आवांक्याबाहेरच्या म्हणून सोडून देऊं. परंतु पहिल्या दोहोंची गल्लत आपण नित्य करतों. देवाच्या लोकांत जागा मिळणें ही सलोकता, व देवाच्या जवळ असणें ही समीपता. एका वॉर्डांत किंवा एका आवारांत राहणें ही केवळ सलोकता झाली. समीपतेस रोजचें कांहीं तरी सामायिक काम लागतें. गिरगांवच्या चाळींत तें काम नळानें केलें, परंतु आंत ज्यांस घेतलें होतें त्यांच्यापुरतेंच. आंतल्यांस व बाहेरच्यांस जोडणारें साधन कोणतें? माझ्या आयुष्यांत तसें एकच साधन मीं काम करतांना पाहिलें, आणि तें म्हणजे शाळेंतील बाक.

रत्नागिरीस १९३१ सालीं भागोजीशेठ कीर ह्यांच्या द्रव्यानें पतितपावन मंदिर बांधलें गेलें, हें सर्वांस माहीत आहे. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर येथें स्थानबद्ध होते, त्या काळांतलें हें कार्य. परंतु त्याच काळीं जिल्ह्यांतील शाळांत अस्पृश्य मानलेल्या मुलांस निराळें न बसवितां इतर मुलांत सरमिसळ बसवावें, म्हणून जी खटपट झाली, ती मला मंदिराहून मोठी वाटते. देवळांत माणूस घटकाभर असतो. शाळेंत मूल रोज पांच तास असतें.

१९८१ सालीं मी गांवांतील एका शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों. टिळक आळींतल्या वकिलाचा मुलगा, राजिवड्याच्या खलाशाचा मुलगा, मिरकरवाड्याची एक मुलगी आणि नाचण्याहून चालत येणारीं दोन कुणब्यांचीं मुलें अशीं सर्व एका वर्गांत होतीं. तीं कांहीं संत नव्हतीं. भांडत, चिडवीत, प्रसंगीं जातीवरूनही बोलत, आणि मग माझ्या हातची छडी खात. परंतु खलाशाचा मुलगा शब्दरूपें इतकीं स्वच्छ म्हणे कीं, वकिलाचा मुलगा त्याच्या घरीं पाठांतरास जाऊं लागला, आणि बदल्यांत त्याला भूमिति समजावून देऊं लागला. मधल्या सुटींत डब्यांची अदलाबदल होई. टिळक आळींत ती बातमी पोंचत नसे, एवढें मुलांस कळत होतें!

आतां पुढचें लिहावयास लेखणी जड होते. १९९३ सालीं माझा मुलगा शाळेच्या वयाचा झाला, तेव्हां मीं त्यास आमच्या शाळेंत न घालतां नव्या इंग्रजी शाळेंत घातलें. कारणें सर्वांचीं असतात तींच: पुढें इंग्रजी लागेल, स्पर्धा वाढली आहे, एकुलता एक मुलगा आहे. त्याच वर्षीं राजिवड्याचा एक पालक आपल्या धाकट्याचें नांव घालावयास आला. त्यानें विचारलें, "गुरुजी, शाळा चांगली आहे ना?" मीं म्हटलें, "उत्तम आहे." त्यानें सहज विचारलें, "मग तुमचा मुलगा कितवींत आहे?" त्याच्या मनांत टोमणा मुळींच नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला आजवर बोंचतो.

मी एकटाच नव्हतों. पुढच्या वीस वर्षांत टिळक आळी त्या बाकावरून हळूहळू उठून गेली. कोणीं कोणास हांकलून दिलें नाहीं, कीं भांडण झालें नाहीं. वकिलाच्या नातवंडांस दारापाशीं बस येऊं लागली, एवढेंच. आणि वकील पालक उरला नाहीं म्हणून छपराच्या गळतीविषयीं अर्ज लिहून त्याचा पाठपुरावा करणाराही कोणी उरला नाहीं. शिकलेला वर्ग शाळा सोडतो, तेव्हां आपल्या मुलाबरोबर तो आपला आवाजही घेऊन जातो. मागें राहिलेल्यांचें दुहेरी नुकसान होतें.

हा दोष आपल्याच मातींतला आहे असें समजूं नये. टिम बटलर व गॅरी रॉब्सन ह्या समाजशास्त्रज्ञांनीं लंडनमधील मध्यमवर्गाचा अभ्यास करून २००३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिक्स्टनसारख्या मिश्र वस्तींत सुशिक्षित कुटुंबें तेथील विविधतेचें कौतुक करीत राहावयास आलीं. परंतु निरनिराळे वर्ग भूगर्भांतील खडकांच्या थरांप्रमाणें एकमेकांशेजारून सरकत राहिले, मिसळले नाहींत, असें त्यांस आढळलें. मुलांच्या शाळा निवडण्याची वेळ येई, तेव्हां हें विशेषच दिसे.

आतां पुन्हां परळाकडे येऊं. १९४७ च्या कायद्यानें भाडीं गोठलीं, मालकांनीं डागडुजी सोडली, चाळी मोडकळीस आल्या. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या व तो सारा भाग बांधकामांस मोकळा होऊं लागला. पुढें जुन्या भाडेकरूस त्याच जागीं विनामूल्य घर द्यावें व वाढीव घरें बाजारभावानें विकावीं, अशी पुनर्बांधणीची रीत पडली. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलींत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांपैकीं पहिल्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. ही आनंदाचीच गोष्ट होय. आणि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: हिंदु कॉलनीच्या काळीं जी सलोकता कोणाच्या स्वप्नांतही नव्हती, ती आज कायद्यानें घडविली आहे. गिरणीकामगाराचा नातू आणि माझी नात एका आवारांत राहतात! शाळांपुरतेंही तसेंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बळ घटकांच्या मुलांसाठीं राखल्या. सरकारी वा अनुदानित शाळा जवळ असल्यास खासगी शाळेस त्यांतून सूट देणारा नियम राज्य सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें केला. तो उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं जुलैंत रद्द ठरविला. कायदा मुलांस एका खोलींत आणून बसवूं शकतो. मधल्या सुटींत डबा पुढें करावयाचा कीं नाहीं, हें मात्र घरीं ठरतें.

येत्या जूनमध्यें नात पहिलींत जाईल. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकीं वर्षें शिक्षक होतां; तुम्हीच सांगा." बसनें तासभर अंतरावरची एक नांवाजलेली शाळा आहे, आणि दहा मिनिटांच्या वाटेवर एक अनुदानित मराठी शाळा आहे, जेथें भिंतीपलीकडचीं मुलें जातात. मीं आज्ञा केली नाहीं. तो अधिकार मीं १९९३ सालींच गमावला आहे. राजिवड्याच्या पालकाची गोष्ट मात्र मीं दोघांस प्रथमच सांगितली. मुलगा बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशीं सूनबाई ती जवळची शाळा पाहून आली. निर्णय अजून व्हावयाचा आहे.

तो कांहींही होवो. नातीच्या प्रश्नाचें उत्तर मला सांपडलें आहे. ती भिंत सरकारनें घातली नाहीं आणि पलीकडच्यांनीं मागितली नाहीं. ती आम्हीं मागितली, म्हणून बांधणारानें बांधली. बालवयांत हें तिला कितपत कळेल तें देव जाणे. पुढच्या सुटींत मी तिला हें सांगणार आहें, आणि तिचा तिसरा प्रश्न काय असेल, ह्याची मला आतांच धास्ती वाटत आहे.