यजमानाविना ध्वनिमुद्रिका

मुंबई–हावडा लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपत आली असता डोंगर आणि दाट रान यांच्यामध्ये दरेकसा हे लहानसे स्थानक लागते. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे उतरणारे गोंड यात्रेकरू कचारगडच्या ज्या गुहेकडे जातात, तिच्याविषयी परंपरा असे सांगते की, कली कंकाली या मातेची आत कोंडलेली ३३ बालके मुक्त व्हावीत म्हणून हिरासुका पाटालीर या वादकाने वाद्याच्या नादाने दारावरची प्रचंड शिळा हलविली, आणि त्याच शिळेखाली त्याचा अंत झाला. पुढच्या काळात गोंडांची कुळकथा गाणाऱ्या परधानाला मात्र यजमानांची घरे नेमून दिलेली असत; त्याची किंगरी, म्हणजे त्याचे तंतुवाद्य, त्या घरांच्या दानावर चाले आणि हा हक्क वतनासारखा पिढ्यान्‌पिढ्या उतरत असे.

याच लोहमार्गाच्या पश्चिम टोकाला, मुंबईत, २००० साली साहिल मखिजा या तरुणाने ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ नावाचा जो वाद्यवृंद उभा केला, त्याला असा यजमान लाभण्याचा संभवच नव्हता. रॉक संगीताच्या घराण्यातले सर्वांत उग्र अपत्य म्हणजे मेटल. त्यात कंठ गातो कमी आणि गर्जतो अधिक. चित्रपटगीतांच्या खपावर ज्यांचा जमाखर्च जुळे, त्या कंपन्यांच्या दफ्तरी असल्या गर्जनेची दाद लागणार कशी? तेव्हा ‘डेमनस्टीलर’ ही पहिली ध्वनिमुद्रिका मंडळींनी त्याच वर्षी स्वतःच काढली. पुढे ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही संस्था स्थापन झाली आणि २००५ साली ‘अ डार्कनेस डिसेंड्‌स’ तिच्याच शिक्क्याने बाहेर पडली.

अशा कारभारात कलावंत आणि कारकून एकच असतो. गिटार, कीबोर्ड, कंठ निरनिराळ्या वेळी मुद्रित करून संगणकावर थरावर थर चढवायचे. ढोलांच्या गडगडाटात गिटारचा खर्ज बुडू नये म्हणून प्रत्येकाची पातळी रात्र रात्र तोलायची. आणि एवढे झाल्यावर तबकड्या छापून, मैफलीच्या दाराशी टेबल मांडून विकायच्याही आपणच. परधानाला हिशेबाची ही उठाठेव कधी करावी लागली नाही, हे त्याचे भाग्य खरे. पण कुळकथा सोडून भलतेच गाण्याची मुभाही त्याला क्वचितच असेल, आणि मला तरी हा सौदा एकतर्फी वाटत नाही.

२०१० साली ‘द रिटर्न टू डार्कनेस’ परदेशात ब्रिटनच्या ‘कॅन्डललाइट’ कंपनीने काढली आणि त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या इंग्रजी नियतकालिकाचा पुरस्कारही मंडळींना मिळाला. माझ्या मते मात्र त्यांचे खरे धारिष्ट २०१७ च्या ‘दशावतार’मध्ये आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक रचना वाहिलेली. इंग्रजी गर्जनेच्या जोडीला सतार, बासरी आणि तबला. कोकणात रात्रभर दशावतारी खेळ पाहिलेल्या रसिकाला यातला नरसिंह प्रथम परका वाटेल, परंतु स्तंभ फोडून बाहेर पडणाऱ्या देवतेने मृदू स्वरात आलाप घ्यावा, अशी अपेक्षा तरी कोणी का करावी?

एक गोष्ट मात्र नोंदविल्यावाचून राहवत नाही. हाच मखिजा ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा पाककृतींचा कार्यक्रम चालवितो, आणि त्याच्या गर्जनेपेक्षा त्याच्या रश्श्याला श्रोते, म्हणजे अर्थात प्रेक्षक, पुष्कळ अधिक मिळाले आहेत.