गळणाऱ्या केसांचा जुना हिशेब

केस गळूं लागले कीं आपल्या घरांतून एक ठराविक क्रम सुरू होतो. प्रथम तेल बदलतें, मग साबण किंवा शाम्पू, मग पाण्यावर खापर फुटतें. नवी सून असेल तर 'इकडचें पाणी हिला मानवलें नाहीं' हा निकाल सासरीं व माहेरीं एकमतानें लागतो. इतकें सारें होऊन वेणी निम्म्यावर आली म्हणजे कोणी तरी डॉक्टरांचें नांव काढतें. या क्रमांत एक मोठी चूक आहे असें आम्हांस वाटतें. आज फणींत आलेल्या केसांचें कारण आपण काल-परवांच्या गोष्टींत शोधतों. तें बहुधा असतें दोन-तीन महिन्यांपूर्वींच्या गोष्टींत.

हें कसें, तें समजण्यास केसाचा जीवनक्रम थोडा पाहिला पाहिजे. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षें वाढतो. ही वाढ महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर. मग ती थांबते, केस तीनएक महिने जागच्या जागीं नुसता राहतो आणि शेवटीं गळतो. पुढें त्याच मुळांतून नवा केस निघतो. कोणत्याहि वेळीं पाहिलें तर शंभरांतील पंचाऐंशी-नव्वद केस वाढत असतात व बहुतेक बाकीचे विसांवा घेत असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणें हा रोग नव्हे, नित्याचा व्यवहार आहे. जी स्त्री आठवड्यांतून दोनदां डोक्यावरून न्हाते तिच्या हातीं त्या दिवशीं तीन-चार दिवसांचे केस एकदम येतात आणि मोरीच्या जाळीवरचा पुंजका पाहून छातींत धस्स होतें. गळलेल्या केसाच्या टोकाशीं बारीकसा पांढरा ठिपका असतो. तो पाहून 'मुळासकट उपटला' असें म्हणतात, पण मूळ त्वचेंत शाबूत असतें.

आतां शरीरास मोठा धक्का बसला, म्हणजे विषमज्वर, हिंवताप किंवा डेंग्यूसारखा कडक ताप आला, मोठी शस्त्रक्रिया झाली, फार रक्त गेलें किंवा अन्न एकदम तोडलें, तर शरीर आपला खर्च आंखडतें. जीव वांचविण्याच्या कामीं केसांचा उपयोग नाहीं. तेव्हां वाढते केस मोठ्या संख्येनें एकदम विसांव्यास धाडले जातात. ते त्या दिवशीं गळत नाहींत. आजारी माणूस हिंडूं-फिरूं लागतें, तोंडाला चव येते, घरचे निर्धास्त होतात, आणि अशा वेळीं केस मुठीनें येऊं लागतात. २०२० व २०२१ सालीं करोनांतून उठलेल्या अनेकांस हा अनुभव आला. तापाची आठवण एव्हांना पुसट झालेली असते, म्हणून दोष जातो नुकत्याच आणलेल्या तेलाला. वस्तुतः ही गळती दुखण्याची मागील बाकी असते. ती फिटली कीं सहा महिने ते वर्षभरांत केस बहुधा आपोआप भरून येतात. या मुदतींत जो कोणी जें कांहीं लावील त्याला यश येतें! पुष्कळ तेलांची कीर्ति अशीच वाढलेली आहे.

यांतील सर्वांत नेहमींचा आणि सर्वांत अधिक गैरसमजाचा प्रकार बाळंतिणीचा. गरोदरपणांत अंतःस्राव वाढलेले असतात, त्यांच्या योगानें गळावयाचे केसहि वाढीच्या अवस्थेंतच रेंगाळतात. म्हणून त्या दिवसांत केस दाट दिसतात व सगळ्या जणी कौतुक करतात. प्रसूति झाली कीं ते स्राव झपाट्यानें उतरतात, अडून राहिलेले केस एकदम विसांव्यास जातात आणि दोन ते चार महिन्यांनीं गळूं लागतात. कांहीं घरांत वडीलधाऱ्या बायका म्हणतात, बाळ आईला ओळखूं लागलें कीं आईचे केस जातात. निरीक्षण अगदीं बरोबर आहे. बाळ हसूं-ओळखूं लागतें ते हेच महिने. मात्र त्यांत बाळाचा हात नाहीं आणि कोणाच्या दृष्टीचा तर नाहींच नाहीं.

अशा वेळीं त्या मुलीची स्थिति काय असते याचा घरांतल्यांनीं विचार करावा. रात्रीची झोंप नाहीं, अंग भरून आलेलें नाहीं, कानशिलांवरचे केस विरळ झालेले आरशांत दिसतात. आणि जो येतो तो सांगून जातो कीं 'तूं तेल लावीत नाहींस' किंवा 'अंगावर पाजतेस म्हणून हें होतें.' हें दुसरें बोलणें तर घातक आहे. या गळतीचा स्तनपानाशीं संबंध जोडून बाळाचें दूध तोडण्याचा सल्ला दिला जातो, आणि केसांच्या भीतीनें तो पाळलाहि जातो. ज्या सासूबाई सुनेला जवळ बसवून 'हें बाळाच्या वाढदिवसापर्यंत थांबतें' एवढें सांगतील त्यांनीं अर्धें औषध दिलें असें आम्ही समजतों. वर्ष उलटूनहि केस भरले नाहींत किंवा फार थकवा असला तर मात्र रक्त व थायरॉईड ग्रंथि यांची तपासणी अवश्य करावी; बाळंतपणानंतर या ग्रंथीचें काम कधीं कधीं बिघडतें आणि त्यानेंहि केस गळतात.

पाण्यावर चटकन् संशय घेणें बरें नव्हे, याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें आहे. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव व आसपासच्या गांवांतून लोकांचे केस झपाट्यानें गळूं लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडलेलीं माणसें दिसूं लागलीं. त्यांत बायकामुलेंहि होतीं. प्रथम बोट पाण्याकडे गेलें, मग त्वचेच्या बुरशीकडे. विंचूदंशावरील संशोधनानें विख्यात झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं गांवकऱ्यांचें रक्त, केस आणि खाण्यांतला गहू तपासविला. रेशनवर मिळालेल्या गव्हांत सेलेनियम हें द्रव्य प्रमाणाबाहेर आढळल्याचा व तेंच केस जाण्याचें कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनीं फेब्रुवारींत जाहीर केला. एप्रिलमध्यें कांहीं गांवकऱ्यांचीं नखेंहि खराब होऊन गळूं लागलीं. सेलेनियमची बाधा केस व नखें या दोहोंवर दिसते हें वैद्यकास पूर्वींपासून ठाऊक आहे. येथें केस तीन महिन्यांनीं न गळतां लगेच गेले, कारण असलें द्रव्य वाढत्या केसाच्या मुळावरच घाव घालतें.

यांतून शहरांतील वाचकांनींहि एक गोष्ट घ्यावी. सेलेनियम थोडें लागतें, फार झालें तर केस घालवितें. 'अ' जीवनसत्त्वाचेंहि तसेंच आहे. केस वाढविण्याच्या म्हणून ज्या गोळ्या बाजारांत मिळतात त्यांतील कांहींत हीं दोन्हीं असतात, आणि एक गोळी चांगली तर दोन अधिक चांगल्या असा हिशेब घरोघर चालतो. बायोटिनची गोळी सुशिक्षित घरांतून विशेष लोकप्रिय आहे. ज्याच्या शरीरांत बायोटिन कमी नाहीं त्याला तिचा लाभ झाल्याचा भक्कम पुरावा नाहीं. उलट ती घेत असतां थायरॉईडची रक्ततपासणी चुकीची येऊं शकते.

तर मग खाण्यांत कशाकडे पाहावें? आमचें बोट लोहाकडे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ पंडुरोगी आढळल्या. हा आंकडा केवळ गरिबीचा आहे असें कोणी समजूं नये. पंगत उठल्यावर उरेल तें खाणारी बाई सुखवस्तु घरांतहि असते. भाजी संपलेली असते, पोळ्या गार झालेल्या असतात, आणि 'मला काय, लोणच्याशीं होईल' असें ती स्वतःच म्हणते. त्यांत सोमवार, चतुर्थी, एकादशी. साबुदाण्यांत पिष्टापलीकडे फारसें कांहीं नसतें, आणि त्यावर चहाचे दोन कप. उपास सोडा असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची श्रद्धा त्यानें पाळावा. परंतु दर महिन्याला जिचें रक्त जातें तिनें महिन्यांतून सहा-सात दिवस असें काढावें आणि मग शेंडा बारीक कां झाला म्हणून तेल शोधावें, यास काय म्हणावें?

शाकाहारांतील लोह अंगीं कमी लागतें, म्हणून तें युक्तीनें घ्यावें लागतें. मोड आलेलीं कडधान्यें, पालेभाज्या, तीळ, अळीव हीं नेहमीं असावींत. त्यांवर लिंबू पिळावें किंवा ताटांत आवळा असावा. त्यांतील 'क' जीवनसत्त्वानें लोह अधिक शोषलें जातें. जेवणाला लागून चहा घेऊं नये, तो लोहाला अडवितो. तासाभराचें अंतर असूं द्यावें. आमटी-भाजी लोखंडी कढईंत केली, विशेषतः आंबट घालून, तर थोडें लोह तिच्यांतूनहि उतरतें. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली चाल या दृष्टीनें शहाणपणाची आहे. गर्भारपणांत मात्र ते देत नाहींत, तें पथ्य पाळावें. रक्तांतील लोह फारच उतरलेलें असलें तर केवळ लाडवांनीं भरून निघत नाहीं, गोळ्या घ्याव्या लागतात. हिमोग्लोबिन ठीक असूनहि शरीरांतील सांठा रिता असूं शकतो. त्यासाठीं फेरिटिनची तपासणी असते.

तेलाविषयीं लिहिलें नाहीं तर वाचकभगिनी आम्हांस क्षमा करणार नाहींत. खोबरेल तेलानें नवा केस उगवत नाहीं. पण तें आलेल्या केसाचें रक्षण करतें, हें नुसतें आजीबाईंचें म्हणणें नाहीं. २००३ सालीं मुंबईतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं खोबरेल केसाच्या आंत शिरतें व धुतांना-विंचरतांना होणारी केसांतील प्रथिनांची झीज कमी करतें. सूर्यफुलाच्या व खनिज तेलानें तसें झालें नाहीं. (प्रयोग खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या प्रयोगशाळेंतला होता, हेंहि सांगितलें पाहिजे.) तेव्हां न्हाण्यापूर्वीं तेल लावावें, शिकेकाई-रिठ्यानें न्हावें, ओले केस जोरानें विंचरूं नयेत, केस तुटण्याचें थांबलें तरी वेणी जाड दिसते. डोक्यांत कोंडा असेल तर मात्र तेल थापून ठेवूं नये, कारण कोंड्याशीं संबंध असलेली बुरशी तेलकटपणावरच पोसते. माक्याचे प्रयोग प्रयोगशाळेंतील उंदरांवर झालेले आहेत. माणसांवर भरवंशाचे असे फारसे नाहींत. कांद्याच्या रसाचा बोलबाला आहे, त्याचा उगम बगदादमधील २००२ सालच्या एका लहानशा प्रयोगांत आहे. आणि तो होता फक्त चाईवर, सामान्य गळतीवर नव्हे. चातुर्मासांत कांदा ताटांत न घेणारें घर तो डोक्याला चोळीत बसतें, याची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं.

चाई म्हणजे रुपयाएवढें गुळगुळीत चट्टें. त्याला कोणी कीड लागली म्हणतात. तसें नसून शरीराची संरक्षक शक्तिच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. बहुतेकांचे केस परत येतात, पण डॉक्टरांस दाखवावें. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या धरून केस तुटत असतील तर तो नायटा असूं शकतो. तो घरांत इतरांस लागतो व त्यास पोटांतून औषध लागतें.

घट्ट वेण्यांबद्दल दोन शब्द. ग्रीनलंडमधील स्त्रियांचे केस घट्ट बांधल्यानें कपाळाशीं मागें हटतात, अशी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभींच झालेली आहे. शाळेच्या शिस्तीसाठीं किंवा नृत्याच्या वर्गासाठीं मुलींचे केस ताणून बांधणाऱ्या मातांनीं कपाळाच्या कडेकडे लक्ष असूं द्यावें. ताण वर्षानुवर्षें राहिला तर तेथील मुळें कायमचीं मरतात.

पुरुषांच्या टकलाचें प्रकरण निराळें. तेथें कांहीं मागील बाकी नसते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनीं १९४२ सालीं दाखविलें कीं वयांत येण्यापूर्वींच पुरुषस्राव बंद पडलेल्यांना टक्कल पडत नाहीं, आणि तो स्राव टोंचून दिल्यास ज्यांच्या घराण्यांत टक्कल आहे त्यांना तें पडूं लागतें. म्हणजे आनुवंश आणि स्राव दोन्हीं लागतात. हा वारसा केवळ आईच्या वडिलांकडून येतो ही समजूत अर्धीच खरी आहे. तो दोन्हीं कुळांतून येतो. स्त्रियांतहि भांग रुंदावत जाण्याचा असाच प्रकार असतो. यावर आहार आणि तेल यांचा इलाज चालत नाहीं. मिनॉक्सिडिल हें मूळचें रक्तदाबाचें औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढूं लागल्यावर त्याचा हा उपयोग ध्यानांत आला, आणि १९८८ सालीं अमेरिकेंत डोक्यास लावण्यासाठीं त्याला मान्यता मिळाली. तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें लावावें, व थांबविलें कीं गुण जातो हें आधींच जाणून असावें. आणि मुंडन केल्यानें केस दाट येतात या आशेवर कोणी राहूं नये: मिल्ड्रेड ट्रॉटर या विदुषीनें १९२८ सालींच मोजमाप करून दाखविलें कीं कापल्यानें किंवा वस्तरा फिरविल्यानें केसाची जाडी किंवा गति वाढत नाहीं. जावळ संस्कार म्हणून जरूर करावें.

डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर एका कागदावर मागील सहा महिन्यांची टिपणी करून न्यावी: ताप केव्हां आला, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया केव्हां झाली, मासिक पाळींत रक्त किती जातें, वजन उतरलें काय, कोणतीं औषधें व गोळ्या चालूं आहेत. बायोटिन घेत असल्यास तें रक्त देण्यापूर्वीं सांगावें. आणि आदल्या दिवशीं केस धुऊन, तेल न लावतां जावें. तेलानें चोपडलेल्या डोक्यावरची त्वचा त्यांना नीट दिसत नाहीं.